शिल्लक स्मृति

घरांत एखादी वस्तु रिकामी पडलेली दिसली कीं आम्हांस चैन पडत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाचा हा स्वभावच होऊन बसतो. या स्वभावापायीं २००८ सालीं आम्हीं घरच्या संगणकाच्या बाबतींत एक शहाणपण केलें. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

त्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंनीं संगणकांत दोन गिगाबाइट मेमरी नवी बसवून दिली. पूर्वींची धरून ती तीन झाली. यंत्रावर विंडोज व्हिस्टा होती. परंतु टास्क मॅनेजर उघडून पाहतों तों ‘फ्री’ या शब्दापुढें जेमतेम पंधरा-वीस मेगाबाइट! कालच भरलेली कोठी आज रिकामी दिसावी, तसें आम्हांस झालें. इंजिनिअरिंग शिकणारा आमचा पुतण्या हंसून म्हणाला, “काका, ती कोणीं खाल्ली नाहीं, कामाला लावली आहे.”

त्याचें म्हणणें असें. हार्ड डिस्कची चकती मिनिटास ७,२०० फेरे घेते. तरी हवा तो मजकूर सांपडावयास तिला सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. मेमरीस याच्या लक्षांशाइतका वेळ पुरतो. म्हणून एकदां वाचलेला मजकूर यंत्र शिल्लक मेमरींत जवळ ठेवतें. व्हिस्टांतील सुपरफेच तर रोज लागणारे प्रोग्रॅम आधींच आणून ठेवी. नवें काम निघालें कीं ती जागा लगेच मोकळी होते. ओट्याजवळच्या फळीवर मीठ-मोहरीचे डबे असतात, त्यांना कोणी अडगळ म्हणत नाहीं.

येथेंच थांबलों असतों तर बरें होतें. परंतु मेमरीचा कांहीं भाग वेगळा काढून तीच एक डिस्क आहे अशी यंत्राची समजूत करून देणारे प्रोग्रॅम मिळतात, असें आमच्या वाचनांत आलें. आम्हीं लागलीच ५१२ मेगाबाइटांची अशी ‘रॅम डिस्क’ केली. फाइल उघडण्याचा तिचा वेग पाहून आम्ही अगदीं हुरळून गेलों.

त्या दिवसांत आमच्या मातोश्री आपल्या आठवणी सांगत व आम्ही त्या टंकून घेत असूं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां आमचें बिऱ्हाड पाटण तालुक्यांत होतें व आम्ही दहा महिन्यांचे होतों. भिंत खचत असतां शेजारच्या काकूंनीं अंधारांत आम्हांस पाळण्यांतून उचलून अंगणांत नेलें. त्या वेळीं त्या काय बोलल्या, तें मातोश्रींनीं त्यांच्याच शब्दांत सांगितलें आणि आम्हीं तें लिहून घेतलें. त्या आठवड्याचीं चौदा पानें रॅम डिस्कवर होतीं. रविवारीं हार्ड डिस्कवर उतरवूं, असा बेत होता. शुक्रवारीं दुपारीं वीज गेली. ती परत आली तेव्हां रॅम डिस्क पुसलेल्या धूळपाटीसारखी कोरी होती.

मातोश्रींनीं रागाचा एक शब्दहि काढला नाहीं. दुसरे दिवशीं त्या पुन्हां सांगावयास बसल्या. भूकंप सांगितला, भिंत सांगितली. पण काकूंचें तें वाक्य कांहीं केल्या त्यांना आठवेना. “अरे, परवांच तर तुला सांगितलें ना?” एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हांसहि तें आठवत नव्हतें. लिहून घेतलें आहे या भरंवशावर आम्हीं तें मनांत ठेवलेंच नव्हतें.

आतां जुन्या डिस्कच्या जागीं घरोघर एसएसडी आल्यामुळें वेगाचें अंतर बरेंच कमी झालें आहे. परंतु वीज जातांच सर्व विसरण्याचा रॅमचा धर्म कायम आहे. तेव्हां आमचें सांगणें इतकेंच, कीं शिल्लक मेमरीची व्यवस्था यंत्रावर सोंपवावी. मेमरी ‘साफ’ करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नादीं लागूं नये; हाताशीं ठेवलेले डबे ते उगीच माळ्यावर टाकतात. रॅम डिस्क करावयाचीच तर जें पुन्हां सहज करतां येईल, अशाच तात्पुरत्या फाइली तींत ठेवाव्या. घरच्या माणसांचे शब्द मात्र त्याच दिवशीं डिस्कवर उतरवावे व त्यांची एक प्रत घराबाहेरहि ठेवावी.

मातोश्रींना जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. त्यांच्या आठवणींची वही छापून आम्हीं घरांतील प्रत्येकास दिली आहे. भूकंपाच्या पानावर दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे.