डॉक्टरकी हुकली म्हणून?

माझी एक विद्यार्थिनी फिजिओथेरपीला गेली, तर बायका विचारतात, ‘‘डॉक्टरकी हुकली वाटतं?’’ छे हो! तिच्या आजीला अर्धांगवायू झाला होता. औषधांनी जीव वाचला. पण पुन्हा कप धरायला शिकवलं ते रोज घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी. पोरीनं तेव्हाच ठरवलं.

१९५० च्या दशकात, पोलिओच्या साथींच्या काळात, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हे शिक्षण सुरू झालं. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. पण आखडलेले खांदे, मोडलेली हाडं, कुरकुरणारे गुडघे आहेतच ना? आता आपल्या संभाजीनगरातही एम.जी.एम.मध्ये हा अभ्यासक्रम आहे.

मैत्रिणींनो, महिनोन्‌महिने खपून रोग्याला पुन्हा पायावर उभं करणं, हे काय दुय्यम काम? लेकीनं हे शिकायचं म्हटलं, तर नाक मुरडू नका.