पारोळ्याच्या वाटेवर अडलेली डिकी

मैत्रिणींनो, खानदेशातला मे महिना म्हणजे काय, ते जळगाव-धुळ्याच्या भगिनींना सांगायला नकोच! शाळेला सुटी लागली आणि आम्ही जळगावहून धुळ्याला एकवीरादेवीच्या दर्शनाला निघालो. वाट सुमारे ९० किलोमीटरची. गिरणेचा पूल ओलांडला, एरंडोल मागे पडले आणि पारोळा आले. झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांची इथे जहागीर होती. किल्ल्याजवळ चहाला थांबलो. सासूबाईंची जेवणाची वेळ झाली, म्हणून पिशवी काढायला गेले, तर डिकी उघडेचना! त्याच पिशवीत त्यांचे इन्शुलिन. माझ्या पोटात गोळाच आला.

ह्यांची झटापट पाहून गॅरेजमधला मुलगा धावला. "ताई, ओढू नका. डिकी ठासून भरली की लॉक अडकतं." नणंदेसाठी कुरडयांचे डबे आणि केळी मीच कोंबली होती ना! मी डिकी वरून दाबून धरली, ह्यांनी सीटजवळची दांडी ओढली. छे! मग मागच्या सीटची पाठ पाडून तो आत शिरला आणि स्क्रूड्रायव्हरने लॉकची जीभ सरकवली. डिकी उघडली! लॉकमध्ये धुळीचा थर होता. तो पुसून तेलाचे दोन थेंब सोडले.

इन्शुलिन थर्मासमध्ये गार होते, म्हणून निभावले. तेव्हा डिकीचे लॉक वरचेवर पुसत जा, सामान बेताचेच भरा. आणि औषधाची पिशवी मात्र आपल्या मांडीवरच असू द्या. देवी पावते हो, पण डिकीचा भरवसा नाही!