सुताराच्या हातची स्पोर्ट्स कार

स्पोर्ट्स कारच्या फॅक्टरीत शिरल्यावर नाकाला आधी काय जाणवायला हवं? पेट्रोल, ग्रीस, रबर, वगैरे. मॉर्गनच्या फॅक्टरीत वास येतो तो भुशाचा. हो, लाकडाच्या भुशाचा!

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ऑक्सफर्ड, वूस्टर करत ट्रेन साधारण अडीच तासांत मॉल्व्हर्न लिंकला पोहोचवते. मागे मॉल्व्हर्न हिल्सची हिरवीगार रांग, पुढे टुमदार घरं. पिकर्सली रोडवर विटांच्या जुन्या शेड्स ओळीनं उभ्या आहेत. रोबो, काचेच्या भिंती, चकचकीत लॉबी अशा अपेक्षेनं जाल तर आपण एखाद्या जुन्या गिरणीत आलो की काय, असं वाटेल. इथे अर्धवट तयार झालेली गाडी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये चक्क ढकलत नेण्याची पद्धत. शेड्स उतारावर आहेत, तेवढीच मदत!

खरी गंमत सुतारांच्या शेडमध्ये. मॉर्गनची चासी लाकडाची असते, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. चासी धातूचीच. तिच्यावर बॉडीचा जो सांगाडा चढतो, तो अ‍ॅशचा. (ती नव्हे हो, झाड! क्रिकेटचे स्टम्प ज्याचे बनवतात ते.) हे लाकूड वजनाला हलकं आणि धक्के सोसणारं. मागच्या चाकावरची कमान बघण्यासारखी असते. अ‍ॅशच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, साच्यात वाकवून क्लॅम्पनं आवळायच्या आणि वाळू द्यायच्या. मग त्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसतो. पत्रा थोडा इकडे-तिकडे झाला तर कारागीर तो हातानं जुळवून घेतो. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला तंतोतंत बसेलच, अशी खात्री जुन्या मॉर्गन्सच्या बाबतीत कोणी देत नसे.

हे सगळं सुरू केलं एच. एफ. एस. मॉर्गन या पाद्र्याच्या मुलानं. १९०९ मध्ये त्यानं पहिली गाडी बनवली ती तीनचाकी. आपल्या रिक्षाच्या बरोबर उलट, म्हणजे पुढे दोन चाकं आणि मागे एक. ब्रिटनमध्ये अशा हलक्या तीनचाकीला मोटरसायकलचा टॅक्स लागायचा, त्यामुळे ती खिशाला परवडायची. चारचाकी मॉर्गन आली थेट १९३६ मध्ये. नाव? फोर-फोर. चार सिलिंडर, चार चाकं, विषय संपला. पुढे १९६२ मध्ये एक मॉर्गन प्लस फोर रस्त्यावरून चालवतच ल मॉन्सला नेली, चोवीस तासांच्या शर्यतीत तिनं आपला क्लास जिंकला आणि तीच गाडी चालवत मंडळी घरी परतली. ट्रेलर-बिलर काही नाही.

आता टार्गेट आणि अप्रेझलवाल्यांनी कान द्यावा असा भाग. १९९० मध्ये बीबीसीच्या ‘ट्रबलशूटर’ या कार्यक्रमात सर जॉन हार्वे-जोन्स इथे आले. आयसीआयसारख्या महाकाय कंपनीचे माजी चेअरमन. त्यांनी पाहिलं तर गाडीसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं रांगेत थांबलेली. त्यांचा सल्ला होता की उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, आधुनिक व्हा. एमबीएच्या कुठल्याही पोरानं हेच सांगितलं असतं. पण संस्थापकाचा मुलगा पीटर आणि नातू चार्ल्स यांनी नकार दिला. लांबलेली रांग हीच त्यांची सुरक्षा होती. मंदी आली तरी ऑर्डर हातात! कार्यक्रम बघून उलट नव्या ऑर्डर्सच आल्या.

मला विचाराल तर मॉर्गन मंडळी निम्मी बरोबर होती. रांग पुढे त्यांनीही कमी केली आणि २००० मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या चासीची, बीएमडब्ल्यूच्या व्ही-एट इंजिनची एअरो एट आणली. सांगाडा मात्र अ‍ॅशचाच ठेवला. नवं घ्यायला त्यांचा विरोध नव्हता, घाई नको होती इतकंच.

आज मात्र निर्णय घरातल्या जेवणाच्या टेबलावर होत नाहीत. २०१९ मध्ये इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन वळणाच्या गुंतवणूक कंपनीनं बहुतांश मालकी घेतली, कुटुंबाकडे थोडा हिस्सा उरला. १९३६ पासून चालत आलेली स्टीलची चासी २०२० मध्ये निवृत्त झाली. २०२२ ची तीनचाकी सुपर थ्री तर अ‍ॅशच्या सांगाड्याशिवायच बनते. गाडी दिसायला भन्नाट, पण सुतार तिच्यापाशी काय करणार? वर्षाला हजाराच्या आतच गाड्या बनवणाऱ्या कंपनीत (मारुती एका दिवसात याच्या कितीतरी पट बनवते) एक मॉडेल लाकडाविना निघालं की त्याचा अर्थ थेट त्या शेडपर्यंत पोहोचतो.

तूर्तास प्लस फोरसाठी पट्ट्या चिकटताहेत. फॅक्टरीची टूर मिळते, बुकिंग आधी करा. आणि काम चालू असेल अशाच दिवशी जा. बंद शेडमध्ये भुशाचा वास तेवढा मिळेल, रंधा चालताना दिसणार नाही.