पेंग्विनच्या घरातली थंडी

मुंबईत भायखळ्याला एक मोठी बाग आहे. तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण सगळे तिला 'राणीची बाग'च म्हणतात. मे महिन्यात तिथे गेलात तर घामाने सदरा पाठीला चिकटतो. आणि त्याच बागेतल्या एका इमारतीत, काचेपलीकडे, पेंग्विन मजेत पोहत असतात! तिथली हवा बारा महिने १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवतात. आपल्याला एवढा गारवा थंडीतल्या पहाटे मिळाला तर मिळतो.

"पण बर्फ कुठाय?" बहुतेक मुलं तिथे पोचताच हेच विचारतात. बर्फ नाही, आणि नकोच आहे. हे हम्बोल्ट पेंग्विन. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली या देशांचा किनारा हे त्यांचं गाव. तिथली जमीन कोरडी, खडकाळ. समुद्रातून मात्र हम्बोल्ट नावाचा थंडगार प्रवाह वाहतो. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून असे आठ पेंग्विन विमानाने मुंबईत आले. मार्च २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळू लागले.

आता विचार करा. पेंग्विनला हवा १७ अंशांचा गारवा. आपल्याला तेवढा दिला तर थोड्याच वेळात हुडहुडी भरेल. मग सगळ्या इमारतीला एकच बटण ठेवून कसं चालेल? म्हणून अशा इमारतीचे भाग पाडतात. त्यांना 'झोन' म्हणतात. पक्ष्यांची खोली हा एक झोन, आपण उभे राहतो तो सज्जा दुसरा. प्रत्येक झोनमध्ये तापमान मोजणारा छोटासा संवेदक, म्हणजे सेन्सर, असतो. तो कॉम्प्युटरला सारखा कळवत राहतो, 'इथे १७, इथे २५'. यंत्रघरात पाणी थंड करून ते नळ्यांमधून खेळवतात. ज्या झोनला जास्त गारवा हवा, त्याची झडप कॉम्प्युटर जास्त उघडतो. दुसऱ्याची थोडी मिटतो.

१६ ते १८ असे दोन आकडे का, नेमका १७ का नाही? घरच्या पाण्याच्या टाकीचं बघा. पाणी वाटीभर कमी झालं की लगेच पंप सुरू, भरलं की बंद, असं दिवसभर चाललं तर पंप आठवड्यात बसेल! म्हणून मध्ये थोडी जागा सोडतात. थंडीच्या यंत्राचंही तसंच.

आणि एक गंमत. पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं की पेल्याला बाहेरून घाम फुटतो, नाही का? पावसाळ्यात मुंबईची दमट हवा पेंग्विनच्या थंड काचेला लागली तर काचेचंही तेच होईल, आणि पेंग्विन दिसायचेच नाहीत. म्हणून बघणाऱ्यांच्या बाजूची हवाही थोडी गार आणि कोरडी ठेवावी लागते. त्यात आपण स्वतः म्हणजे चालत्याबोलत्या शेगड्या! शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. चाळीस मुलांचा वर्ग आत शिरला की चाळीस दिवे लागले म्हणायचे. सेन्सरला ते लगेच कळतं.

थंड देशांत हाच खेळ उलटा चालतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ मध्ये सापा-सुसरींसाठी एक घर उघडलं. ते आखताना जोन प्रॉक्टर या बाईंनी विजेची ऊब जागोजागी वेगळी ठेवली. साप आणि सरडे आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाहीत. ऊन खायला एक कोपरा आणि गार व्हायला दुसरा, असे दोन्ही त्यांना एकाच पिंजऱ्यात लागतात. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता, बरं का!

राणीच्या बागेत पेंग्विन आणावेत की नाहीत, यावर पुष्कळ वाद झाला. त्यातली एक मादी तर लोकांनी पाहण्याआधीच, ऑक्टोबर २०१६ मध्ये आजाराने दगावली. मला विचाराल तर, त्यांना इतक्या लांब आणायची गरज नव्हती. पण आता त्यांची पिल्लंही इथेच जन्मली आहेत. एखाद्या कार्यालयात एसी बंद पडला तर माणसं खिडकी उघडतात, वारा घेतात. पेंग्विनने काय करायचं? खिडकी उघडली तर मुंबईचा उन्हाळाच आत येईल. म्हणून अशा ठिकाणी एकाच यंत्रावर विसंबत नाहीत. वीज गेली तर जनरेटर लागतो, पारा चढू लागला की धोक्याची घंटा वाजायला हवी, आणि ती ऐकायला रात्रीही कोणीतरी जागं हवं.

तुम्ही गेलात की काचेला अलगद हात लावून बघा; टिचक्या मात्र मारू नका. मग छताकडे मान वर करा आणि हवा कुठून येते ते शोधा. भायखळा स्टेशनवर पूर्वेकडे उतरलात की बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. आणि हो, बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते.