थकबाकीची वर्षे

पैसा उशिरा आला तरी पैसाच असतो, असे व्यवहारी माणसे सांगतात. रुपयाच्या नाण्यावर साल असते हे खरे, पण ते टांकसाळीचे. तो आपल्या हाती कोणत्या साली पडायला हवा होता, हे त्याच्यावर कुठेच लिहिलेले नसते. आयकराच्या परताव्याची वाट पाहण्यात एक वर्ष घालवल्यावर मला मात्र वाटू लागले आहे की, पैशालाही वय असते, आणि ते मोजणारे कोणी ना कोणी घरात असावे लागते.

मास्तरांच्या घरात ‘थकबाकी’ हा शब्द मुले बाराखडीबरोबर शिकतात. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. सातव्या वेतन आयोगाची वाढ लागू धरली गेली ती १ जानेवारी २०१६ पासून. आपल्या राज्यात वाढलेला पगार प्रत्यक्ष मिळू लागला तो २०१९ साली. मधल्या तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. मी २०१८ च्या मे महिन्यात निवृत्त झालेली. तेव्हापासून आमच्या घरातली बरीचशी वाक्ये ‘थकबाकी आली की’ या तीन शब्दांनी सुरू होऊ लागली. थकबाकी आली की गच्चीला गिलावा. थकबाकी आली की रामेश्वर. आणि थकबाकी आली की झोपाळा.

झोपाळा ही यांची हौस. यांचे बालपण बेगमपुऱ्यातल्या एका वाड्यात गेले. तिथे माजघरात सागवानी झोपाळा होता आणि त्याच्या पितळी साखळ्या चिंचेने घासण्याचे काम यांच्याकडे असे. सिडकोत घर बांधले तेव्हा स्लॅब पडण्याआधीच यांनी पुढच्या खोलीच्या छतात चार लोखंडी कड्या सोडून ठेवल्या. पाहुणे वर पाहून विचारत, “या कशाला?” हे गंभीरपणे उत्तर देत, “थकबाकीसाठी.”

हे २०२० साली गेले. हप्ते त्यानंतरही येत राहिले; पुढेमागे होत शेवटचे दोन एकाच आर्थिक वर्षात हाती पडले. दोन हप्ते आणि निवृत्तिवेतन मिळून त्या वर्षी मी कागदोपत्री चांगलीच श्रीमंत ठरले, आणि रक्कम हातात येण्याआधीच तिच्यातून कर कापला गेला.

आयकर आपल्या देशात आला १८६० साली. सत्तावनच्या उठावाच्या खर्चाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन या इंग्रज अर्थमंत्र्याने तो आणला आणि त्याच वर्षी तो कलकत्त्यात वारला. एका पुऱ्या वर्षाचा हिशेबही त्याला पाहता आला नाही. आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य. भारताचा आयकर कायदा इथे पोचला तो १ एप्रिल १९५० ला. माझ्या वडिलांच्या पिढीला पगार हाली सिक्क्यात की कलदारात, हाच मोठा प्रश्न होता. कर भरण्याइतके उत्पन्न असणे ही त्यांना चैन वाटे.

माझा एक विद्यार्थी गुलमंडीजवळ कर सल्लागार आहे. तो म्हणाला, “बाई, हा कर तुम्हांला लागतच नाही. थकबाकीला सवलत असते.” आणि त्याने मला १९६१ च्या कायद्याचे एकोणनव्वदावे कलम समजावून सांगितले. लहानपणी मी त्याला त्रैराशिक शिकवले होते, त्याहून त्याने ते पुष्कळ चांगले शिकवले.

कलमाचा आशय असा: मागचा पगार उशिरा, एकरकमी मिळाला, तर माणसावर जास्त कराचा बोजा पडू नये. म्हणून ती रक्कम ज्या ज्या वर्षाची असेल, त्या त्या वर्षात ती मिळाली असती तर कर किती झाला असता, ते काढायचे. आणि आत्ताच्या करातला जादा भाग वजा करायचा. त्यासाठी ‘दहा-ई’ नावाचा एक नमुना भरावा लागे. त्यात एक तक्ता असे. वर्ष, त्या वर्षीचे मूळ उत्पन्न, त्या वर्षीची थकबाकी, दोन्हींची बेरीज.

कायद्याची पुस्तके रुक्ष असतात असा माझा समज होता. पण त्या तक्त्यासमोर बसल्यावर माझा हात थांबला. तो मुलगा एकेक आकडा विचारत होता. २०१६-१७. त्या वर्षी हे होते. आम्ही पैठणला नाथषष्ठीला गेलो होतो. २०१७-१८. त्या वर्षीही होते. यांचा गुडघा दुखू लागला होता. मी आकडे सांगत गेले आणि तो त्या त्या वर्षात ते पैसे टाकत गेला. जे आम्हांला मिळाले नव्हते, ते मिळाले होते असे सरकारी नमुन्यावर उमटत होते. कायदा माणसाचे गेलेले दिवस परत आणू शकत नाही. पण हे पैसे त्या दिवसांचे होते, इतके तो मान्य करतो. मला ते थोडे वाटले नाही.

परतावा निघाला बारा हजार चारशे रुपये. देशभरची विवरणपत्रे बेंगळूरूच्या केंद्रात तपासली जातात. तिथून मंजुरीचा संदेश आला. पैसे मात्र आले नाहीत. “बाई, नाव जुळत नाही,” विद्यार्थी म्हणाला. दाखल्यावर, सेवापुस्तकात आणि पॅन कार्डावर मी माहेरच्या नावाने आहे. बँकेतले खाते आम्ही दोघांनी लग्नानंतर काढलेले. तिथे मी सासरच्या नावाने, तीही दुसऱ्या क्रमांकावर. पहिले नाव यांचे. कर कापताना नाव एकदाही आडवे आले नव्हते. देण्याची वेळ आली तेव्हा मी कोण, हा प्रश्न निघाला.

मग मी आणि मी एकच आहोत, असे शपथेवर लिहून दिले. गंमत अशी की जुन्या पासबुकावर औरंगाबाद आणि नव्या आधार कार्डावर छत्रपती संभाजीनगर होते, त्याला कोणी हरकत घेतली नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. पण या शहराला कधी प्रतिज्ञापत्र करावे लागले नसेल.

खिडकीवरची मुलगी मर्यादेने बोलत होती. ती म्हणाली, “काकू, पहिले नाव कमी करावे लागेल.” चार वर्षे मी ते टाळले होते. मृत्यूच्या दाखल्याची प्रत तिच्याकडे सरकवली आणि सही केली. बारा हजार चारशे रुपयांसाठी एवढे करावे का, असे वाटले. पण ते पैसे त्या तक्त्यातल्या वर्षांचे होते, सोडून देता येईनात.

याच कायद्यात व्याजाचे दोन दर होते. आपण कर भरायला उशीर केला तर महिन्याला एक टक्का. सरकारकडून परतावा यायला उशीर झाला तर महिन्याला अर्धा. विद्यार्थी यावर चिडून बोलत होता. मला वाटले, ज्याचा उशीर त्याच्या उशिराची किंमत निम्मी, हा नियम संसारातही काही कमी चालत नाही.

अखेर पैसे जमा झाले, वर अर्ध्या टक्क्याने थोडे व्याजही. मी सुताराला बोलावले. तो शिडीवर चढला, कड्या हलवून पाहिल्या आणि म्हणाला, “दोन गंजल्यात, मावशी. वजन धरायच्या नाहीत. बदलाव्या लागतील.” कड्यांचे वय कोणत्याही तक्त्यात धरलेले नसते. त्यांचा खर्च व्याजात भागला नाही. मुद्दलातून करावा लागला.

झोपाळा आता टांगला आहे. संध्याकाळी मी त्यावर बसते. अख्खी फळी रिकामी असते, पण मी बसते ती एका कडेला, आणि त्यामुळे तो जरा तिरका जातो.