पाहुणे खामगावचे

रात्री दहानंतर उत्तरपत्रिका तपासू नयेत, असे माझी पत्नी गेली पंधरा वर्षे सांगत आली आहे. त्या वेळी गुण एकतर दयेने दिले जातात किंवा झोपेने, असे तिचे म्हणणे. परंतु दिवाळीची सुटी दोन दिवसांवर आली होती आणि गठ्ठा अर्धाच झाला होता. हिंगणघाटच्या बाजारात निघालेल्या कापसाच्या गाड्यांचा घरघराट ऐकत मी बत्तिसावे उत्तर वाचत होतो. प्रश्न होता, 'श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या विनोदाची वैशिष्ट्ये सांगा.' पहिल्या एकतीस जणांनी जे लिहिले होते, तेच बत्तिसाव्यानेही लिहिले होते : 'कोल्हटकरांच्या विनोदात कल्पनाचमत्कृती, कोटिबाजपणा व उपरोध आढळतो.'

पोरांचा दोष नाही. वाक्य माझ्या टिपणातले. आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. माझ्या प्राध्यापकांच्या टिपणातले. त्यांनी ते कुठून घेतले, देव जाणे!

"माझ्यात ह्या सगळ्यांना इतके काय काय आढळले," समोरच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणाले, "हसू मात्र एकालाही आढळले नाही का हो?"

मी चमकून वर पाहिले. ती खुर्ची वडिलांची. ते गेल्यापासून तिच्यावर जुनी वर्तमानपत्रेच काय ती बसतात. आज ती बाजूला सारून साक्षात श्रीपाद कृष्ण बसले होते! पुस्तकातल्या छायाचित्रामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

वाचकहो, आवडता लेखक घरी आला तर त्याला काय काय विचारायचे, ह्याची यादी प्रत्येकाच्या मनात तयार असते. माझीही होती. पण ऐन वेळी तोंडून निघाले ते कुठल्याही पाहुण्याला विचारतो तेच, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"खामगावाहून जलंबला गाडी बदलायची, पुढे वर्धेला बदलायची. ह्यात नवीन ते काय?" ते म्हणाले. "काही फराळ आहे का घरात?"

फराळ अजून व्हायचा होता. सकाळचे पोहे होते आणि त्यांवर घालायची हरभऱ्याची लालभडक तर्री होती. ज्याने 1910 साली आपल्या विनोदी लेखांच्या पुस्तकाला 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे' असे नाव दिले, त्याच्यापुढे मी भीतभीतच बशी ठेवली. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"आमच्या पोह्यांना तर्री नव्हती," नाक पुसत ते म्हणाले. "हल्लीचा विनोद असाच का?"

"थोडाफार. लगेच झोंबतो आणि लगेच विसरतो."

"आमचा लगेच झोंबतही नसे. 1902 साली माझा 'साक्षीदार' छापून आला. कोर्टात दिवसभर पाहिलेले संध्याकाळी लिहीत असे. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्या तीन शहाण्यांना मी गावभर हिंडवले, ते लोकांच्या रूढी आणि भाबड्या समजुती उघड्या पडाव्यात म्हणून. हसता हसता लोकांना आपलीच लाज वाटावी, एवढाच हेतू."

"तिथेच तर घोटाळा झाला," मला धीर आला. "त्यांतल्या कितीतरी रूढी आता पोरांना ठाऊकच नाहीत. मी आधी रूढी समजावतो, मग कोटी समजावतो, मग ह्यात हसायचे का, ते समजावतो. तोवर घंटा होते."

"मग माझाच जय झाला म्हणायचा! रूढी मेल्या, त्यांच्याबरोबर विनोदही सती गेला." ते मनापासून हसले.

मग त्यांना जरा डिवचावे म्हणून मी म्हणालो, "महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते, तेव्हा वऱ्हाडात बसून आपण महाराष्ट्रगीत लिहिले. 1960 साली राज्य झाले. पण 2023 साली राज्यगीत ठरले, ते राजा बढे यांचे."

"बढे नागपूरचेच ना? माझाही जन्म नागपूरचाच, 1871 चा. घरातले घरात राहिले म्हणायचे!"

हा माणूस कशानेच दुखावत नाही, असे पाहून मी शेवटी मनातला खरा प्रश्न काढला. "गडकरी आपल्याला गुरू मानत. 1927 साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे आपण अध्यक्ष झालात. आणि आज आपण उरला आहात तो पंधरा गुणांच्या प्रश्नापुरता. ह्याचे वाईट नाही वाटत?"

त्यांनी उत्तर दिले नाही. कपाटावरच्या एका पुस्तकाकडे ते पाहत होते.

"पुठ्ठा गेलेले ते पुस्तक कुणाचे?"

"वडिलांचे."

माझे वडील अडत्याकडे मुनीम होते. हंगामात दिवसभर वजने, सरकीचे भाव आणि गाठींचे हिशोब लिहून ते दमूनभागून घरी येत. जेवण झाले की 'सुदाम्याचे पोहे' उघडत. कागद वाया घालवणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे त्या पुस्तकाच्या समासात कापसाचे भाव पेन्सिलीने लिहिलेले आहेत आणि जिथे हसू आले, तिथे एक बारीक खूण आहे. ते हसत तेही चोरून. आधी खोकल्यासारखा आवाज येई, मग खांदे हलू लागत. आम्ही मुले त्या खांद्यांकडे पाहूनच हसायचो.

"मग पुढे?" श्रीपाद कृष्णांनी विचारले. वकिली त्यांच्या आवाजात अजून होती.

पुढचे मी कुणालाच सांगितले नव्हते. शेवटच्या दुखण्यात वडिलांची नजर गेली होती. एका रात्री ते म्हणाले, "ते पुस्तक वाच ना बाबू." मी वाचू लागलो, पण प्राध्यापक पडलो! दोन वाक्ये वाचली की थांबायचो, "ह्याला उपरोध म्हणतात बाबा, इथे अतिशयोक्ती आहे." थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "समजावून नको सांगू. नुसता वाच." मी घड्याळ पाहिले. उत्तरपत्रिका पडल्या होत्या. उरलेला लेख उद्या वाचतो, म्हणालो. तो उद्या आलाच नाही. पहाटे ते गेले.

"पोरे हसत नाहीत, असे मघाशी म्हणालात," श्रीपाद कृष्ण हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही शेवटचे केव्हा हसलात?"

मला जबाब देता आला नाही. मान वर केली, तेव्हा खुर्चीवर वर्तमानपत्रे होती आणि बशीतले पोहे निवून गेले होते. आत पत्नी झोपेतच म्हणाली, "अहो, दिवा मालवा आता."

दुसऱ्या दिवशी सुटीपूर्वीचा शेवटचा तास होता. टिपणे मी घरीच ठेवली आणि पुठ्ठा गेलेले ते पुस्तक घेऊन वर्गावर गेलो. त्या रात्री जिथे थांबलो होतो, तिथूनच वाचायला सुरुवात केली. काही समजावले नाही. वर्ग शांत. मागच्या बाकावर मोबाईल चालू. वाचता वाचता एका खुणेपाशी आलो. बाजूला कुठल्याशा दिवसाचा कापसाचा भाव होता. ते वाक्य मी वर्गात कितीदा तरी वाचले असेल, पण त्या दिवशी घशातून एकदम खोकल्यासारखा आवाज आला आणि माझे खांदे हलू लागले. काही केल्या थांबेनात.

पोरे आधी घाबरली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी तोंडावर हात धरून हसली आणि मग सगळा वर्गच हसू लागला. ती हसली ती कोल्हटकरांना नव्हे, मला. आमचे सर हसतात, हाच त्यांना मोठा विनोद वाटला असावा.

तो हसण्याचा आवाज माझा नव्हता, हे त्यांना कुठे ठाऊक होते! मी डोळे पुसले, पान उलटले आणि उरलेला लेख शेवटपर्यंत नुसता वाचला.