दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेलं सामान

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग एकदम म्हणाली, "अरे, ते क्लाऊड क्लाऊड म्हणतात ना, तिथं पाणी शिरत नाही ना?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर हसलो असतो. पण सांगलीत गावभागात राहणाऱ्या बाईनं विचारलेल्या या प्रश्नाला हसायची माझी टाप नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा आई-बाबा दोन पिशव्या घेऊन मिरजेला आत्याकडे गेले आणि दहा दिवसांनी परत आले, तेव्हा खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात लग्नापासूनचे चार अल्बम एकमेकांना चिकटून त्यांचा चिखलाचा गोळा झाला होता.

आईच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. आत्या, काकू, नागपूरची मंडळी, तुम्हीही वाचा. शेवटी तुमच्याकडे एक कामही आहे.

तर झालं असं, की त्या चार अल्बममधले फोटो वाचले होते. बाबांनी निवृत्तीनंतर २०१७ साली एक स्कॅनर घेतला आणि रोज संध्याकाळी पाच-सहा फोटो स्कॅन करायचा सपाटा लावला. आयुष्य बँकेत गेलेला माणूस, त्यामुळे प्रत्येक फोटोची वहीत नोंद. क्रमांक, साल, कोण कोण आहे. आणि मग तो फोटो 'वर' चढवायचा. पुराच्या पंधरा दिवसांनंतर पुण्यात माझ्या घरी बसून त्यांनी लॅपटॉपवर खातं उघडलं. पहिलाच फोटो आला तो हरिपूरला संगमावर काढलेला, आजी आणि तिच्या मांडीवर मी. आई काही बोलली नाही, नुसती स्क्रीनवर हात फिरवत बसली. त्या दिवशी मी क्लाऊडचा भक्त झालो.

आता हे क्लाऊड म्हणजे काय? ढगबिग काही नाही. मोठाल्या इमारती असतात, त्यात हजारो कॉम्प्युटर रांगेनं मांडलेले, अखंड वीज, जनरेटर, आणि ते तापू नयेत म्हणून थंडावा. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी सोय सुरू केली, अ‍ॅमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत. म्हणजे आपले 'आकाशातले' फोटो कदाचित माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जमिनीवरच असतील!

बाबा समजावताना पिठाच्या गिरणीचं उदाहरण द्यायचे, आणि मला अजून त्याहून चांगलं सापडलेलं नाही. पूर्वी घरोघर जातं होतं. मग गल्लीत गिरणी आली. आपण गहू घेऊन जायचं, दळून आणायचं, किलोमागे पैसे द्यायचे. गिरणीचा पट्टा तुटला, दगडाला टाकी लावायची झाली, तर ते गिरणीवाला बघेल. दिवाळीत चकलीची भाजणी दळायची म्हणून कुणी घरी दुसरं जातं आणत नाही, गिरणीत जास्त वेळ उभं राहतो इतकंच. क्लाऊडचंही हेच. हवं तेव्हा, हवं तेवढं, आणि वापरलं तेवढ्याचे पैसे. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं २०११ मध्ये क्लाऊडची जी व्याख्या केली, तिच्यात पाच लक्षणं दिली आहेत: मागितल्याबरोबर मिळणं, नेटवरून कुठूनही वापरता येणं, अनेकांत मिळून एकच साधनं असणं, गरजेप्रमाणे वाढणं-आटणं आणि मोजून आकारणी. पाचातली चार आमच्या गिरणीला लागू पडतात. फक्त नेटचं तेवढं सोडा.

यात तीन प्रकार असतात. नुसती यंत्रं भाड्यानं घ्यायची, बाकी सगळं आपण करायचं, म्हणजे तासाच्या बोलीवर गिरणीच घेणं. दुसऱ्यात यंत्रांबरोबर प्रोग्रॅम चालवायची तयार सोयही मिळते, म्हणजे पीठ विकत आणणं, पोळ्या आपण लाटायच्या. आणि तिसऱ्यात सगळं तयार, जसं आपलं जीमेल. ते म्हणजे पोळी-भाजी केंद्र!

कल्पना तशी जुनी आहे. जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञानं १९६१ मध्येच म्हटलं होतं की, टेलिफोनसारखीच संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. ते खऱ्या अर्थानं बाजारात आलं २००६ मध्ये. मार्चमध्ये अ‍ॅमेझॉननं साठवणुकीची एस-थ्री ही सेवा आणली आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या यंत्रांची ईसी-टू. त्या काळात मी एका छोट्या ऑफिसात कामाला होतो. आमचा सर्व्हर टेबलाखाली असायचा, त्यावर फडकं टाकलेलं. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे यूपीएस कोकलायला लागला की सगळे धावत जाऊन 'सेव्ह' मारायचे. नवीन मशीन घ्यायचं तर तीन कोटेशनं, साहेबांची सही आणि महिनाभर वाट. आज तीच गोष्ट मुलगी जेवता जेवता दहा मिनिटांत करते आणि काम झालं की बंद करून टाकते. लहान धंदा सुरू करणाऱ्याला आधी लाखभर रुपये यंत्रांत घालावे लागत नाहीत, हा फार मोठा फायदा आहे. पूर आला, चोरी झाली, हार्ड डिस्क गेली, तरी माल शाबूत, हा दुसरा.

मग तोटे? नेट गेलं की आपलं सामान असून नसल्यासारखं, हे सगळ्यांना माहीत आहे. भाडं मात्र जन्मभर. आज फुकट आहे ते उद्या राहीलच असं नाही. गूगल फोटोजवर मे २०१५ पासून अमर्याद फोटो फुकट ठेवता यायचे, पण १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मापात धरले जाऊ लागले. तोवर हजारो फोटो तिथे गेलेले, उचलून कुठे नेणार? आणि आपलं खासगी काही आपण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या नियमांनी ठेवतो, हे तर आहेच.

चुकाही होतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एका माणसानं कमांड देताना चूक केली आणि अमेरिकेतल्या कितीतरी वेबसाइट काही तास आडव्या झाल्या. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांनी कागदपत्रं जिथे ठेवायची, ती ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. उलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाऊडवरची व्यवस्था चुकून पुसली गेली. पण त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, म्हणून ते पुन्हा उभे राहिले.

हे सगळं मी वाचलं ते नंतर. आमच्या घरी जे झालं त्यात ना आग होती, ना कुणाची चूक.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. कोविड. पुढच्या वर्षी मी त्यांचा मोबाईल नंबर बंद होऊ दिला. दर महिन्याचं रिचार्ज कशाला, असा हिशेब. फोन आईच्या ड्रॉवरमध्ये होता. २०२३ मध्ये तो सुरूच होईना, तेव्हा दुकानदारानं रिसेट करून दिला. चालू झाला, कोरा करकरीत. म्हटलं हरकत नाही, सगळं 'वर' आहे. पासवर्ड बाबांच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. तो टाकला. पुढचा प्रश्न आला: तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

तो नंबर आता आमचा नव्हता. बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला देतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी बाबांचा नंबर फिरवला. वाजला. एका तरुण मुलाचा आवाज आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, रागावू नका, पण ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो ना?" बरोबर होतं त्याचं. माझ्या मुलीनंही हेच उत्तर द्यावं असंच मला वाटलं असतं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "एक आजी पण करायच्या या नंबरवर फोन. काही बोलायच्या नाहीत."

मी आईला त्याबद्दल कधी विचारलं नाही. आता हे वाचून तिला कळेल. असो.

कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला, मेल केले. उत्तर आलं की खातेदाराच्या गोपनीयतेसाठी खातं उघडता येणार नाही. रागही येईना, कारण माझ्या खात्याबद्दल मला हेच धोरण हवं आहे. पुढे वापर नाही म्हणून ते खातं पुसलं गेलं.

जुने फोटो सापडले, ते आत्याच्या गोदरेजच्या कपाटात. पुरानंतर बाबांनी सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तिच्याकडे दिले होते. वर चिठ्ठी: 'दुसरी प्रत'. बँकेतला माणूस! पण त्यानंतरचं गेलं. २०१९ ते २०२१ चे फोटो, आणि लॉकडाऊनमध्ये नातीसाठी फोनवर रेकॉर्ड केलेल्या लहानपणच्या गोष्टी. तीसेक तरी असतील. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दोनच उरल्या आहेत.

तेव्हा आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. पाणी सहसा शिरत नाही. पण किल्ली हरवते. माळा दुसऱ्याचा असला की कुलूप फोडता येत नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक क्लाऊडवर, एक हार्ड डिस्कवर, एक आत्याकडे. आणि हे विसरू नका, की फोन आणि क्लाऊड एकमेकांशी जोडलेले असतील तर ती दुसरी प्रत नव्हे. फोनवरून पुसलं की वरूनही जाऊ शकतं. बँकेत नॉमिनी लावतो तसा खात्यालाही लावा. गूगलवर 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय २०१३ पासून आहे, अ‍ॅपलनं 'लेगसी कॉन्टॅक्ट' डिसेंबर २०२१ मध्ये आणलं. दहा मिनिटांचं काम आहे. आणि घरातलं माणूस गेलं, तर त्याचा नंबर लगेच सोडू नका. आधी त्यावर काय काय टांगलेलं आहे ते बघा.

हे सगळं आईला थोडक्यात सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे दळण गिरणीत टाकलं तरी थोडे गहू घरात ठेवायचे. त्यात नवीन काय?"

आता तुमचं काम. २०१९ च्या पुरानंतरचे, बाबा असलेले फोटो कुणाकडे असतील, मग ते लग्नातले, मुंजीतले, पाठमोरे, हललेले, कसलेही असोत, मला पाठवा. त्यांचा आवाज कुठल्या व्हिडिओत मागे ऐकू येत असेल तर तोही. पेनड्राइव्ह दिलात तरी चालेल, मी घ्यायला येईन.